कच्च्या रस्त्यावर कॅरॅव्हॅन ओढताना

ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडसारख्या रस्त्यावर कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) खिळखिळी होते ती खड्ड्यांपेक्षा मातीत उठलेल्या आडव्या लाटांच्या सततच्या थरथरीने. डांबर संपलं की गाडी आणि कॅरॅव्हॅन, दोन्हींच्या टायरमधली हवा साधारण पाव हिश्शाने उतरवा (दाब ४० पीएसआय असेल तर ३०) आणि वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत ठेवा. कमी हवेत जोरात पळवलं तर टायर तापून फुटतो.

जड सामान तळाशी, चाकांच्या आसाच्या (अॅक्सलच्या) आसपास. वजन मागे गेलं की कॅरॅव्हॅन डोलायला लागते.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने (नट ठरावीक जोराने आवळणारा पाना) तपासा. हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात न्या: एकच हब जास्त तापलं असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक बिघडलाय. समोरून रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक) आली तर डावीकडे थांबा. धूळ बसू द्या, मगच निघा.