ओकच्या सांगाड्याचं जुनं इंग्लिश शेतघर: या चुका टाळा

पाचशे वर्षं पावसात उभं राहिलेलं घर वीस-तीस वर्षांत कुजू लागतं, तेव्हा मी सगळ्यात आधी भिंतीवर सिमेंट आहे का ते बघतो. बहुतेक वेळा असतंच.

इंग्लंडमधल्या केंट, ससेक्स, सफोक भागांतल्या या शेतघरांचा भार भिंतींवर नसतो, ओकच्या सांगाड्यावर असतो. खांब-तुळयांच्या मधल्या चौकटी कुडानं भरलेल्या असतात. आपल्या कोकणातला कूडच म्हणा ना: ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या हेझलच्या फांद्या, वर माती, पेंढा आणि शेणाचा लेप आणि शेवटी चुना. लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं, आकसतं. माती आणि चुना ओल घेतात आणि सोडूनही देतात. सिमेंटला हे जमत नाही. लाकूड आकसलं की गिलाव्याच्या कडेला केसाएवढी चीर पडते, पाणी आत जातं आणि आतच अडकतं. मग ते झिरपत सगळ्यात खालच्या आडव्या तुळईत मुरतं.

ही तुळई नुसती बघून कळत नाही. स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि बाहेरच्या बाजूनं, खांब जिथे तिच्यात बसतो तिथे हलकेच टोचा. निरोगी जुना ओक इतका टणक असतो की टोक आत जातच नाही. कुजलेल्या तुळईचा वरचा पापुद्रा शाबूत दिसतो, पण टोक लोण्यात शिरावं तसं आत जातं आणि तपकिरी भुगा गळतो. सिमेंट नसतानाही हे दिसलं, तर बाहेरचा फुलझाडांचा वाफा बघा. माती वर्षानुवर्षं चढत तुळईला टेकलेली असते. ती आधी उपसा.

तुळयांवरच्या लांब भेगांना लोक उगाच घाबरतात. त्या काळी सुतार ओक ओलाच वापरत, कारण वाळलेला ओक तासणं महाकठीण. लाकूड जागेवर वाळलं, तडकलं, वाकलं आणि सांधे उलट घट्ट झाले. त्यांतल्या खुंट्याही लाकडाच्याच. या भेगांत फोम किंवा सिलिकॉन भरू नका, त्यानं ओल कोंडते. घरातल्या जमिनीचा उतारही जुना असेल तर तसाच राहू द्या.

किडीचं औषध फवारण्याची घाईही नको. डेथवॉच बीटल हा भुंगा ओलीनं आणि बुरशीनं मऊ झालेल्या ओकवर जगतो. गळती थांबली, लाकूड वाळलं की त्याचा जोर ओसरतो. त्यानं पाडलेली जुनी भोकं मात्र कायम राहतात. ताजा, फिक्या रंगाचा भुगा पडतोय का, ते एप्रिल ते जूनमध्ये बघा.

डोकं आपटतं किंवा दार हवं म्हणून वरची आडवी तुळई कापणं तर फारच वाईट. छपराचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो आणि ती तुळई दोन्ही बाजू धरून ठेवते.

आता काजळी. ही चूक पाहिली की मला खरोखर वाईट वाटतं. यातल्या अनेक घरांना सुरुवातीला धुराडं नव्हतं. मधल्या उंच दालनात जमिनीवर चूल पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. माळ्यावरचे वासे काळे असतील तर ती मध्ययुगातली काजळी असू शकते. केंटमधल्या चिडिंगस्टोन गावचं ‘बेलीफ’ नावाचं १५व्या शतकातलं शेतघर जलाशयाच्या कामामुळे उतरवून ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात पुन्हा उभारलं आहे. तिथे अशी मधली चूल बघता येते. वाळूचा मारा करून लाकूड ‘स्वच्छ’ केलं की काजळी जाते, सुतारानं सांधे जुळवायला कोरलेल्या खुणाही जातात. शिवाय तुळयांना काळा रंग देण्याची पद्धत बरीचशी १९व्या शतकातली हौस आहे. आग्नेय इंग्लंडात लाकूड उघडं, रुपेरी राहू द्यायचे किंवा सगळ्यावरच चुना मारायचे.

घर संरक्षित यादीत असेल तर अशा बदलांना परवानगी लागते. तिथल्या १९९०च्या कायद्याप्रमाणे विनापरवानगी काम हा फौजदारी गुन्हा आहे. विल्यम मॉरिस यांनी १८७७मध्ये स्थापन केलेली जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था आजही सल्ला देते.

सिमेंट काढल्यावर लगेच लाकूड कापायला घेऊ नका. एक उन्हाळा भिंत सुकू द्या, मग पुन्हा टोचून बघा. जेवढं कुजलंय तेवढंच काढून तिथे नवा ओक सांधायचा.