वसंतातली स्की सहल: कुटुंबासाठी रिसॉर्ट निवडताना या चुका टाळा

"सर्वांत वरची लिफ्ट तीन हजार मीटरवर जाते, म्हणजे बर्फाची काळजीच नको." मार्च संपत आला की ओळखीतल्या दोन-तीन घरांतून हे वाक्य कानावर येतं. मी विचारते, "मुलं शिकणार कुठे? किती उंचीवर?" त्याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं, आणि तोवर बुकिंग झालेलं असतं.

मला हंगामाच्या शेवटचं स्कीइंग मनापासून आवडतं. दिवस मोठा असतो, ऊन उबदार असतं, थंडीने मुलांची बोटं बधिर होत नाहीत. पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलासाठी याहून चांगले दिवस नाहीत, फक्त जागा बरोबर निवडायला हवी. जागा चुकली की तेच मूल "मला परत नाही यायचं" म्हणत घरी येतं, आणि मग त्याला पुन्हा बर्फावर न्यायला कित्येक वर्षं जातात.

शिखराची उंची बघून रिसॉर्ट ठरवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आणि माझ्या धाकट्या बहिणीचं कुटुंब आल्प्समधल्या एका गावी गेलो. रिसॉर्ट मीच निवडलं होतं. सर्वांत वरची लिफ्ट तीन हजार मीटरच्या जवळ जात होती, वर बर्फ भरपूर होता. गाव मात्र 1100 मीटरवर. हा आकडा मी वाचला होता, पण त्याचा अर्थ लक्षात घेतला नव्हता. बहिणीची मुलं सहा आणि नऊ वर्षांची, दोघंही पहिल्यांदाच स्की पायात घालणार होती. त्यांचा वर्ग होता गावातल्या शिकाऊ उतारावर.

पहिल्या सकाळी सगळं ठीक होतं. अकराच्या सुमारास बर्फ ओल्या मिठासारखा झाला. दुसऱ्या दिवशी मॅजिक कार्पेटच्या, म्हणजे मुलांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंना गवत दिसायला लागलं. दोन प्रशिक्षक इमारतीमागच्या सावलीतला बर्फ फावड्याने आणून पट्ट्याच्या टोकाशी टाकत होते, मुलांना उतरायला तेवढी तरी जागा राहावी म्हणून. धाकटा भाचा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मावशी, खाली माती लागतेय गं." त्याचा हातमोजा काढून पिळला तर करडं पाणी माझ्या मनगटापर्यंत ओघळलं.

तिसऱ्या दिवशी स्की स्कूलने वर्ग वर हलवला. त्यांनी केलं ते योग्यच. पण मग रोज सकाळी जड बूट घालून बस, बसमधून उतरून गोंडोलाची, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या बंद डब्यांची, रांग, आणि वर पोचल्यावर पुन्हा चालणं. सहा वर्षांचं पोर वर्ग सुरू व्हायच्या आधीच दमायचं. परतीचा विचार तर आम्ही कुणीच केला नव्हता. गावाकडे उतरणाऱ्या वाटा बर्फाअभावी बंद, त्यामुळे डोंगरावरची सगळी माणसं साडेतीनला एकाच गोंडोलाच्या दाराशी. तासभर रांगेत उभं राहायचं. भाचा उभ्या उभ्या माझ्या मांडीला टेकून झोपला. पाचव्या दिवशी तो यायला तयार झाला नाही, आणि आम्हीही आग्रह केला नाही.

तेव्हापासून मी शिखराचा आकडा सर्वांत शेवटी बघते. आधी तीन आकडे काढते: शिकाऊ उतार किती उंचीवर, सोप्या वाटा कुठून कुठपर्यंत, आणि राहायची जागा किती उंचीवर. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे गावात 10 अंश असताना पंधराशे मीटर वर शून्याच्या आसपास असतं. एवढा एक हिशेब केला असता तरी माझा तो आठवडा वाचला असता.

फ्रान्समधलं व्हाल तोराँस बघा. गावच 2300 मीटरवर आहे आणि शिकाऊ उतार गावालगत. ऑस्ट्रियातलं ओबरगुर्गल 1930 मीटरवर. अशा ठिकाणी मूल दारातून बाहेर पडलं की बर्फावर असतं. फ्रान्समधल्याच ले दोझ आल्पचं गणित वेगळं आहे. गाव 1650 मीटरवर, पण वरच्या हिमनदीवरचे उतार सौम्य आहेत, त्यामुळे नवशिक्यांना थेट तीन हजार मीटरच्या वर स्की करता येतं. मात्र गावाकडे उतरणारा शेवटचा टप्पा उभा आहे, तेव्हा शिकाऊ माणसाने लिफ्टनेच खाली यायचं हे आधीपासून धरून चालायचं. उलट ऑस्ट्रियातलं किट्सब्यूएल हे सुंदर, नामांकित गाव फक्त 760 मीटरच्या आसपास आहे. जानेवारीत तिथे जरूर जा. एप्रिलमध्ये लहान मुलं घेऊन मी जाणार नाही. गुलमर्गलाही हेच लागू होतं. गोंडोलाचा दुसरा टप्पा 3900 मीटरच्या पुढे नेतो, पण तिथला उतार अनुभवी लोकांसाठी आहे. नवशिके शिकतात ते खाली, 2650 मीटरच्या आसपास. म्हणून वरच्या टप्प्याचे फोटो बघून मुलांची सहल ठरवू नका.

उंची हेच सगळं, असंही नाही. स्वीडनमधलं रिक्सग्रॅन्सेन जेमतेम 900 मीटरवर जातं, पण ते आर्क्टिक वर्तुळाच्याही उत्तरेला असल्यामुळे तिथला हंगाम मे महिन्यापर्यंत चालतो. कॅनडातलं व्हिस्लर वर 2200 मीटरपर्यंत जातं, पण गाव सातशेच्या आत आहे. वसंतात गावात पाऊस आणि वर बर्फ हे तिथे नेहमीचंच.

माझी सवय सांगते. हॉटेलच्या आधी मी स्की स्कूलला लिहिते. "अमुक आठवड्यात, पहिल्यांदा शिकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाचा वर्ग कुठे होतो, आणि खालचा बर्फ गेला तर कुठे नेता?" नेमकं उत्तर आलं तर पुढे जाते. "काळजी करू नका, बर्फ असतो" एवढंच आलं तर ते रिसॉर्ट सोडून देते.

पहिल्या लिफ्टची घाई

दुसरी चूक उत्साही वडिलांची. "लिफ्टचा पास घेतलाय तर पहिल्या लिफ्टपासून वसूल करू." हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता राग येतो, कारण त्याचा त्रास मुलांना होतो.

वसंतात बर्फ दिवसातून तीनदा रूप बदलतो. रात्री आकाश निरभ्र असेल तर वरचा थर गोठून काचेसारखा कडक होतो. ऊन लागलं की दोनेक तासांत तो जाड साखरेसारखा दाणेदार, मऊ होतो. यालाच कॉर्न स्नो म्हणतात, आणि वसंतातलं सगळं सुख या दोन-अडीच तासांत असतं. दुपारनंतर त्याचा स्लश होतो, जड आणि चिकट. त्यात स्की अडकते, शरीर पुढे जातं आणि गुडघा पिरगळतो.

माझ्या मेहुण्याने दुसऱ्या एका सहलीत मुलीला साडेआठला वर नेलं. ती आदल्या दिवशी त्याच उतारावर छान वळत होती. त्या सकाळी पहिल्याच वळणाला स्कीची कड धरली नाही, ती घसरत खाली गेली आणि मनगटावर पडली. हाड मोडलं नव्हतं, पण तिची सहल तिथेच संपली. साडेदहाला मी तोच उतार उतरले. लोण्यासारखा मऊ होता.

युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं. त्यानंतरचे नऊ म्हणजे सूर्याचे आठच, तेव्हा बर्फ मऊ व्हायलाही घड्याळाप्रमाणे तासभर उशीर होतो.

याचा रिसॉर्ट निवडण्याशी थेट संबंध आहे. उतारांचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते नकाशावर बघा. पूर्वेकडचे उतार सर्वांत आधी मऊ होतात, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे. उत्तरेकडच्या उतारांवर बर्फ सर्वांत जास्त टिकतो, पण ते उशिरापर्यंत कडकही राहतात. दक्षिण गोलार्धात, जिथे हंगामाचा शेवट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो, तिथे उत्तर-दक्षिण उलटी समजा. ज्या रिसॉर्टमध्ये सोपे उतार एकाहून अधिक दिशांना आहेत, तिथे कुटुंबाला उन्हामागून फिरता येतं. सगळे सोपे उतार एकाच दक्षिण बाजूला असतील तर दुपारी एकनंतर मुलांना करण्यासारखं काही उरत नाही, आणि मग गावात पोहण्याचा तलाव किंवा घसरगाडीची वाट आहे का हे महत्त्वाचं ठरतं.

आमच्याकडे आता नियम आहे: नाश्ता निवांत, दहाला बर्फावर, दीडला बूट काढायचे. मोठ्यांना आणखी खेळायचं असेल तर आळीपाळीने जावं.

बर्फाच्या सेंटिमीटरवर विश्वास

"वर 220, खाली 40" असा अहवाल असतो आणि लोक 220 वाचून खूश होतात. तुमचं मूल खालच्या 40 सेंटिमीटर बर्फावर असणार आहे, आणि उन्हात तो बर्फ झपाट्याने उतरतो. कृत्रिम बर्फाचाही भरवसा धरू नका. तो फवारणाऱ्या तोफांना शून्याखालची, कोरडी असेल तर उत्तम, अशी हवा लागते, आणि एप्रिलच्या रात्री खालच्या भागात ती क्वचित मिळते. मी वेबकॅम बघते, पण सकाळचा नाही. दुपारी तीनचा, आणि तोही सर्वांत खालच्या लिफ्टचा. जुनी चित्रं साठवलेली असतील तर मागच्या दोन-तीन वर्षांचा तोच आठवडा बघते. दहा मिनिटांचं काम आहे, आणि जाहिरातीतल्या फोटोंपेक्षा त्यातून जास्त कळतं.

बंद होण्याची तारीख वाचून थांबणं

ती तारीख मुख्य लिफ्टची असते. मुलांचा पाळणावर्ग, सामूहिक शिकवणी आणि खालच्या लिफ्ट त्याआधीच आटोपत्या घेतलेल्या असू शकतात. प्रत्येक गोष्टीची तारीख वेगळी विचारा. सामूहिक वर्ग बहुधा रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, त्यामुळे बुधवारी पोचणाऱ्या कुटुंबाला महागडी खाजगी शिकवणीच उरते. आणि ईस्टर कधी आहे ते बघा. तो 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये कधीही येतो. 2008 मध्ये 23 मार्चला होता, 2011 मध्ये 24 एप्रिलला. "एप्रिलमध्ये गर्दी नसते" हे म्हणूनच दरवर्षी खरं ठरत नाही.

"मग सर्वांत उंच जागाच घेऊ"

माझा किस्सा ऐकून काही जण थेट या टोकाला जातात. अडीच हजार मीटरच्या वर झोपायचं असेल तर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे होऊ शकतं, आणि लहान मुलाला ते सांगता येत नाही; ते नुसतं किरकिर करतं. अमेरिकेतलं ब्रेकनरिज गावच 2900 मीटरच्या वर आहे. अशा ठिकाणी जायचं तर वाटेत एक रात्र खाली काढा आणि पहिला दिवस हलका ठेवा. मूल वारंवार उलट्या करत असेल किंवा सुस्तावलं असेल तर वाट न बघता त्याला खाली आणा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसरं, ज्या उंचीनंतर झाडं उगवत नाहीत तिच्याही वर असलेल्या गावांत ढग उतरले की आभाळ आणि जमीन एकच पांढरी दिसते. उतार कुठे आहे हेच कळत नाही, आणि मुलं घाबरतात. आठवडाभर जाणार असाल तर खाली थोडे झाडीतले उतारही असलेलं रिसॉर्ट बरं.

थोडक्यात काही

सपाट जोडवाटा फार असलेलं रिसॉर्ट टाळा; ओल्या बर्फात मुलांच्या स्की तिथे चिकटतात आणि तुम्हाला त्यांना ओढत न्यावं लागतं.

भाड्याच्या दुकानात स्कीच्या तळाला उबदार, ओल्या बर्फासाठीचं मेण लावून मागा. बरेच जण मागत नाहीत.

मोठं जोडलेलं स्की क्षेत्र म्हणून जास्तीचा पास घेऊ नका. जोडणाऱ्या खालच्या लिफ्ट या दिवसांत सर्वांत आधी बंद होतात. पहिल्या दोन दिवसांचा छोटा पास घ्या, मग ठरवा.

उन्हाला हलक्यात घेऊ नका. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही क्रीम लावा. गॉगल एक मिनिटही काढू देऊ नका, ढगाळ दिवशीसुद्धा. डोळे भाजले तर ते लगेच कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

प्रत्येक मुलाचे हातमोजे दोन जोड, पाणी न शिरणारे. आणि रात्री बुटांचं आतलं अस्तर बाहेर काढून, त्यात कागदाचे बोळे कोंबून, हीटरपासून हातभर लांब ठेवा. सकाळपर्यंत सुकतं.