गारठ्याच्या पहाटेआधी मोटारसायकलची तयारी

मार्गशीर्ष लागला की धुळे-नंदुरबारकडे आणि रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पहाटेचा पारा बऱ्याचदा १० अंशांच्या खाली उतरतो. दूध घालायला, केळीच्या कापणीला किंवा दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेल्या माणसाची गाडी नेमकी तेव्हाच अडून बसते. थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते, इंजिनातले ऑइल घट्ट होते आणि बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणजे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो त्याच वेळी बॅटरी कमी जोर देते. त्यामुळे तयारीला आदल्या संध्याकाळीच बसावे, असे माझे ठाम मत आहे.

पहिले काम बॅटरीचे. गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटर लावून पाहावा; १२ व्होल्टच्या बॅटरीने १२.६ किंवा त्याहून अधिक दाखवले तर ती सुस्थितीत आहे, १२.४ च्या खाली असेल तर रात्रीच चार्जिंगला लावावी. टर्मिनलवर पांढरट-हिरवट क्षार जमला असल्यास तो घासून काढावा, नट घट्ट आवळावेत आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, कारण सैल टर्मिनलमुळे चांगली बॅटरीसुद्धा बसल्यासारखी वाटते.

ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच असावे. पुस्तिकेत दोन्हींना मुभा असेल तर थंडीपुरते २०डब्ल्यू-४० ऐवजी १०डब्ल्यू-३० बरे, ते गारठ्यात तुलनेने पातळ राहते. टाकी शक्यतो भरलेली ठेवावी. रिकाम्या टाकीच्या आतल्या बाजूला दव धरते आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल ते पाणी ओढून घेते. एअर फिल्टरही उघडून पाहावा. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्याकडे धूळ आणि कापसाचे तंतू त्यात इतके बसतात की हवा अडते, मिश्रणात पेट्रोल जास्त होते आणि ठिणगी पाडणारा प्लग काळा पडतो. गाडी रात्री पडवीत किंवा निदान ताडपत्रीखाली उभी करावी.

पहाटे किल्ली फिरवण्यापूर्वी इंजिन बंद करण्याचा लाल स्विच, साइड स्टँड, न्यूट्रल आणि पेट्रोलचा कॉक एवढे पाहून घ्यावे. जुन्या कार्बोरेटरच्या (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग असलेल्या) गाडीत किल्ली बंद ठेवून, चोक (हवा कमी करून पेट्रोल वाढवणारी कळ) ओढून चार-पाच सावकाश किक माराव्यात, मग किल्ली चालू करून ॲक्सिलरेटर न पिळता किक द्यावी. गाडी चालू झाल्यावर चोक हळूहळू परत ढकलावा. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या धुराच्या प्रदूषणाच्या बीएस-६ निकषांनंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन पेट्रोल विजेवर फवारणारे फ्युएल इंजेक्शन आले आहे आणि त्यांना हाताने ओढायचा चोक नसतो. तेथे किल्ली फिरवल्यावर टाकीतल्या पंपाचा बारीक घूंऽऽ आवाज दोन-तीन सेकंद ऐकावा, तो थांबल्यावर क्लच दाबून सेल्फ मारावा. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांहून अधिक दाबून धरू नये, आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये पंधरा सेकंद तरी थांबावे.

हा थांबण्याचा नियम मी एकदा पाळला नाही. सावद्याला पाच वाजता पोहोचायचे होते, घाईत चोक ओढलेलाच ठेवून मी सेल्फ दाबतच राहिलो आणि दहा मिनिटांत बॅटरी पार बसली. टॉर्च लावून प्लग काढला तेव्हा त्याचे टोक पेट्रोलने ओले, काळे आणि चकचकीत होते. बोटाला लागलेल्या पेट्रोलचा गारवा त्या थंडीतही वेगळा जाणवला. प्लग कोरड्या फडक्याने पुसून तसाच हवेवर ठेवला. तोवर चोक बंद, किल्ली बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून दहा-बारा किक मारल्या, म्हणजे सिलिंडरमधले जादा पेट्रोल उडून गेले. प्लग परत बसवल्यावर दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. तेव्हापासून सीटखाली प्लगचा पाना, एक नवा प्लग, कोरडे फडके आणि टॉर्च या चार वस्तू कायम असतात.

किक नसलेल्या इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण बसली असेल तर धक्का देऊनही बहुधा उपयोग होत नाही, कारण पंप आणि इंजेक्टर दोन्ही विजेवर चालतात. कार्बोरेटरची गाडी मात्र दुसऱ्या गिअरमध्ये धक्क्यावर सहसा चालू होते. इंजिन गरम करायला खाली कागद किंवा काड्या पेटवण्याची गावाकडची रीत कृपा करून सोडावी, आणि चालू गाडी बंद खोलीत तापवत ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो. एवढे करूनही गाडी दाद देत नसेल, तर मिस्तरीला बोलावताना सेल्फ जोरात फिरतो की मंद, प्लग ओला निघाला की कोरडा आणि पंपाचा आवाज येतो की नाही, या तीन गोष्टी फोनवरच सांगाव्यात, म्हणजे तो योग्य ते सामान घेऊनच निघेल.