किडनीत पांढरी गाठ निघाली तर काय करायचं

आईची सोनोग्राफी केली पित्ताच्या खड्यांसाठी आणि निघाली उजव्या किडनीत 1.8 सेंमीची गाठ, रिपोर्टमध्ये 'हायपरएकोइक' लिहिलेलं, म्हणजे सोनोग्राफीत पांढरी दिसणारी. दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. ती होती अँजिओमायोलायपोमा, म्हणजे रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबीचा गोळा, कॅन्सर नाही. डॉक्टर शॉर्टमध्ये एएमएल म्हणतात, पण गूगलवर नुसतं एएमएल टाकू नका, एका ब्लड कॅन्सरचं पण तेच नाव आहे, माझ्या भावाने तेच वाचून रडारड केली.

सोनोग्राफीवर मात्र थांबायचं नाही, कारण कॅन्सरची छोटी गाठसुद्धा कधीकधी अशीच पांढरी दिसते. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासून सीटी करायचा, आणि रिपोर्टमध्ये 'फॅट' शब्द शोधायचा. गाठीतल्या चरबीचा आकडा उणे 10 हाउन्सफील्डच्या (सीटीतलं घनतेचं माप) खाली असेल तर बहुतेक वेळा निदान तिथेच होतं, बायोप्सी लागत नाही. चरबी कमी असलेली एएमएल किंवा ऑन्कोसायटोमा (किडनीतली कॅन्सर नसलेली दुसरी एक गाठ) असेल तर नुसत्या स्कॅनवर खात्री देता येत नाही, तिथे एमआरआय, बायोप्सी याबद्दल युरोलॉजिस्टशी बोला.

लहान असेल, त्रास नसेल तर ठराविक काळाने, बऱ्याचदा वर्षाला एक सोनोग्राफी, शक्यतो एकाच सेंटरला, जुना रिपोर्ट सोबत नेऊन. आधी 4 सेंमी झाली की ऑपरेशन असं सरळ गणित होतं, आता नुसत्या साइजवर ठरवत नाहीत. आतल्या रक्तवाहिनीला 5 मिमीपेक्षा मोठा फुगा असेल तर रक्तस्रावाची भीती जास्त. मग एम्बोलायझेशन करतात, बहुतेक वेळा जांघेतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचा, नंतर थोडे दिवस ताप आणि दुखणं असतं. नाहीतर किडनी वाचवून फक्त गाठ काढतात. प्रेग्नन्सीचा विचार असेल किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. दोन्ही किडन्यांत बऱ्याच गाठी आणि लहानपणापासून फिट्स असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिस, म्हणजे शरीरात ठिकठिकाणी गाठी करणारा जनुकीय आजार, आहे का ते तपासतात, त्यात गाठी लहान करायला एव्हरोलिमस गोळी असते.

कमरेत अचानक जोरात कळ, चक्कर, लघवीत रक्त असं काही झालं तर पेनकिलर खाऊन घरी बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा. आणि गाठ विरघळवणारे काढे पाठवणाऱ्या नातेवाईकांना हो हो म्हणा आणि विसरा.

आईची यंदा 1.9 आली, मी लगेच घाबरलो, तर डॉक्टर म्हणाले एवढा फरक मोजणाऱ्याच्या हाताचा असतो, पुढच्या वर्षी या.