जंप पायलट आहात? मग या चुका टाळा

अमेरिकेत सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करणाऱ्या आपल्या पोरांमध्ये एक समज पक्का आहे: स्कायडायव्हरचं विमान उडवणं म्हणजे तास भरायचा सोपा मार्ग. वर जा, माणसं सोडा, खाली या, पुढचा लोड घ्या. लॉगबुक भराभर भरतं हे खरं. पण या विमानातला माल स्वतःच्या पायांनी चालतो, आणि नेमका वेग सगळ्यात कमी असतो तेव्हा चालतो. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

वजन विचारून भागवणं

माणूस सांगतो ते वजन सकाळचं, अनशापोटी, कपड्यांशिवायचं असतं. त्यावर रिग (पाठीवरचं पॅराशूटचं सामान), जंपसूट, हेल्मेट चढतं. टँडमची, म्हणजे दोघांना एकत्र उतरवणारी, रिग तर चांगलीच जड असते. काटा ठेवा आणि सगळ्या सामानासकट उभं करा. लाजायचं काय त्यात? मग कोण कुठे बसणार हे तुम्ही ठरवायचं, त्यांच्या दोस्तीवर सोडायचं नाही.

जंप रनला (उडीआधीच्या सरळ, मंद उड्डाणाला) सगळ्यांना दाराशी जमू देणं

सेसना १८२ मध्ये हे प्रकरण डोळ्यांसमोर घडतं. पायलटची सीट सोडून बाकी सगळ्या काढलेल्या, चौघं फरशीवर दाटीवाटीने बसलेले. दार वर उचललं जातं, वारा आत घुसतो. एक जण पायरीवर, दुसरा स्ट्रटला (पंखाच्या आधाराच्या दांड्याला) धरून बाहेर. उजव्या बाजूचा ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो, विमान उजवीकडे वळू पाहतं, तुम्ही डावा रडर दाबून धरता. पॉवर कमी केलेली, वेग आधीच उतरलेला. बाहेरचे दोघं तिसऱ्याची वाट बघत रेंगाळले की वेग आणखी घसरतो, आणि तुमचं लक्ष मात्र स्पॉटकडे, म्हणजे उडी सोडायच्या नेमक्या जागेकडे असतं.

कॅरव्हॅन किंवा ट्विन ऑटर अशा मोठ्या विमानांत चित्र वेगळं. दार मागे असतं. मोठी फॉर्मेशन (अनेकांनी एकत्र मारायची उडी) असली की सगळे शेपटाकडे सरकतात आणि सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) त्यांच्याबरोबर मागे जातो. लक्षण ओळखा: योक (विमानाचं सुकाणू) पुढे ढकलला तरी नाक वर येतं, कंट्रोल हलके आणि ढिले वाटतात. पुढच्या क्षणी स्टॉल (पंखांची उचल संपणं) आणि गिरकी. उपाय एकच, आणि तो लगेच करायचा: नाक खाली, पॉवर वर, आणि जोरात ओरडायचं. दारातले बाहेर, आतले पुढे. हे ओरडणं वर गेल्यावर सुचत नाही, म्हणून एकाच वेळी दाराशी किती जण उभे राहणार हे जमिनीवरच ठरवून सांगायचं. आकडा विमानाच्या मॅन्युअलमधून आणि तुमच्या लोडशीटमधून घ्यायचा, जंपरच्या हट्टातून नाही.

२०१९ च्या जुलैमध्ये स्वीडनमधल्या उमेओजवळ गिप्सएरो विमान पडलं, नऊच्या नऊ जण गेले. तपासात निघालं ते हेच: कमी वेग, शेपटाकडे गेलेला भार, भोवती ढग, आणि अनुभवाच्या मानाने पायलटवर पडलेलं जास्तीचं काम. ‘फट दिसेल’ म्हणत ढगात जंप रन लावणाऱ्यांनी हे वाचावं.

ट्रिम न बघता पुन्हा टेकऑफ

उतरताना ट्रिम (नाकाचा कल धरून ठेवणारी जुळणी) नाक वर केलेला असतो. इंजिन चालूच, पुढचे चौघं चढले, दार बंद, थ्रॉटल पुढे. २०२१ मध्ये स्वीडनमध्येच, ओरेब्रोला, टर्बो बीव्हर टेकऑफनंतर लगेच पडलं आणि नऊ जण गेले. ट्रिम टेकऑफच्या जागी नव्हता आणि भार मागे होता. विसाव्या फेरीलाही ट्रिमचं चाक हाताने फिरवून, डोळ्यांनी बघून निघा. मला तर पाठ झालेल्या चेकलिस्टची जास्त भीती वाटते, कारण ती तोंड म्हणतं आणि हात गप्प बसतो.

इंधन ‘पुरेल’ म्हणणं

वजन वाचवायला कमी इंधन घेऊन उडायची सवय या धंद्यात आहे. जुन्या सेसनांचा गेज हा अंदाज समजा; टाकीत काठी बुडवून बघा. अमेरिकी नियमात दिवसा व्हीएफआरला (डोळ्यांनी बघून उडण्याला) ३० मिनिटांचं राखीव इंधन लागतं, आणि कमी इंधनावर तिरकं, घसरत उतरलं तर तेवढ्यातही इंजिन कोरडं पडू शकतं.

इंधन भरल्यावर टाकीतून सँपल काढून बघणं टाळू नका. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेरिसला ट्विन ऑटरच्या टाकीत दूषित इंधन गेलं. टेकऑफनंतर उजवं इंजिन बसलं, आणि पायलटकडून चालू असलेल्या डाव्या इंजिनाचाच प्रोपेलर फेदर झाला, म्हणजे पाती वाऱ्याला आडवी न राहता कडेने वळली आणि त्याचा जोर गेला. १६ जण गेले. दोन इंजिनं असली तरी ‘मेलेला पाय, मेलेलं इंजिन’ (रडरवरचा जो पाय ढिला, त्या बाजूचं इंजिन बंद) हे मोठ्याने म्हणून खात्री केल्याशिवाय लिव्हरला हात लावू नका.

खाली यायची घाई

माणसं बाहेर पडली की विमान हलकं होतं आणि पायलटही. मग शर्यत लागते. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये विंगसूट (हातपायांमध्ये कापडी पंख असलेला पोशाख) घातलेला एक जंपर ज्या विमानातून निघाला, त्याच विमानाच्या पंखाची धडक बसून गेला. साधा जंपर खाली पडतो, विंगसूटवाला मात्र आडवा सरकत जातो. तो कुठे वळणार हे चढताना विचारा, आणि तुमचा उतरण्याचा मार्ग त्याच्या उलट बाजूला ठेवा.

पायरीवरचा जंपर चाकावर पाय ठेवतो म्हणून ब्रेक दाबून धरावा लागतो. काही जण पार्किंग ब्रेकच लावून ठेवतात. तो सोडायचा राहिला तर टायर धावपट्टीवर फुटतो आणि तुमचा दिवस तिथेच संपतो.

आपलं पॅराशूट सीटची गादी समजणं

२०१३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियरला फॉर्मेशनमधली दोन सेसना हवेत एकमेकांवर आदळली. पुढच्या विमानाचा पंख तुटला, आग लागली. त्याचा पायलट स्वतःच्या पॅराशूटने खाली आला. दोन्ही विमानांतले सगळे, अकराही जण, वाचले. कारण पॅराशूट त्याच्या अंगावर होतं, पट्टे लावलेले. तुमच्या पॅराशूटच्या खिशात पॅकिंगचं कार्ड असतं. अमेरिकेत सिंथेटिक पॅराशूट दर १८० दिवसांनी पुन्हा पॅक करावं लागतं. उद्या पहिल्या लोडच्या आधी ते कार्ड काढून तारीख वाचा.