काळ्या मातीच्या अंगणात कृत्रिम हिरवळीचे पटिंग ग्रीन

गोल्फमध्ये चेंडू हलक्या फटक्याने घरंगळत भोकात घालणे म्हणजे पटिंग आणि भोकाभोवतीची त्यासाठीची गुळगुळीत हिरवळ म्हणजे ग्रीन. घराच्या अंगणात पटिंगच्या सरावासाठी कृत्रिम हिरवळ बसवण्याचे ठरले की बहुतेक जण आधी हिरवळीचे नमुने पाहू लागतात. खानदेशात मात्र सुरुवात मातीपासून करावी. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि चैत्र-वैशाखात आक्रसून तिला भेगा पडतात. कितीही महागडी हिरवळ आणली तरी या हालचालीपुढे तिचे काही चालत नाही. गोल्फचा चेंडू जेमतेम 43 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि भोकाजवळ पोहोचेपर्यंत त्याचा वेग इतका मंदावतो, की दोन-तीन मिलिमीटरचा उंचवटाही त्याला वाटेतून वळवतो. म्हणून खर्चात काटकसर करायचीच असेल तर ती हिरवळीत करावी, तिच्याखालच्या पायाभरणीत करू नये.

उन्हाळ्यात अंगणातील भेगांमध्ये बोट सहज जात असेल, तर किमान एक फूट खोदकाम धरावे. काही ठिकाणी थोड्याच मातीखाली मुरूम लागतो. तिथे पाच-सहा इंच पुरतात. कामासाठी दिवाळीनंतरचे महिने उत्तम, कारण तेव्हा पाऊस सरलेला असतो आणि जमीन दगडासारखी कडकही झालेली नसते. भर वैशाखात पाया घातल्यास माती पूर्ण आक्रसलेली असते आणि पहिल्याच पावसात ती फुगून वरचे सारे थर उचलते.

10 फूट रुंद आणि 20 फूट लांब ग्रीनचे उदाहरण घेऊ. एक फूट खोदल्यावर 200 घनफूट, म्हणजे 2 ब्रास माती निघते, शिवाय उपसल्यावर ती फुगून आणखी जागा व्यापते. ती टाकायची कुठे, हे आधीच ठरवावे. खड्ड्याचा तळ घरापासून दूर उतरता ठेवावा आणि सर्वांत खोल कडेला 3 इंच व्यासाचा, छिद्रे असलेला पीव्हीसी पाइप जिओटेक्स्टाइल कापडात (पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या कापडात) गुंडाळून गटारीकडे किंवा शोषखड्ड्याकडे न्यावा. ही वाट ठेवली नाही तर काळ्या मातीतील खड्डा पाण्याचे टाके होतो, आणि साचलेले पाणी भोवतालच्या मातीत मुरून तिला फुगवत राहते. गच्चीचे पन्हाळीचे पाणीही ग्रीनपासून दूर वळवावे.

तळ दुरमुसाने ठोकून त्यावर जिओटेक्स्टाइल पसरावे, म्हणजे खालची चिकणमाती वरच्या थरांत मिसळत नाही. त्यावर 6 इंच मुरूम, मग 3 इंच बारीक खडी आणि शेवटी 3 इंच क्रशरची कच (खडी फोडताना निघणारा बारीक चुरा), असे थर द्यावेत. दाबल्यावर माल बसतो, म्हणून मुरूम 1 ब्रासऐवजी सव्वा ब्रास मागवावा. ट्रॅक्टर रिकामा होण्यापूर्वी मूठभर मुरूम ओला करून तळहातावर चोळून पाहावा; हाताला चिकट गाळ राहिला तर तो मुरूम घेऊ नये, कारण त्यात माती आहे आणि तोही पावसात फुगेल. नदीची वाळू पायात वापरू नये. तिचे कण गोलसर असल्याने ते दाबले तरी एकमेकांत घट्ट बसत नाहीत आणि पृष्ठभाग पायाखाली सरकतो. प्रत्येक थर दोन-तीन इंचांनी घालत, पाण्याचा हलका शिडकावा देत, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबावा. हे यंत्र भाड्याने मिळते.

कचेचा थर गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पातळी घेऊन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने एकसारखा करावा. रुंदीच्या दिशेने शंभर फुटांस एक फूट, म्हणजे 10 फुटांत सव्वा इंचाच्या आसपास उतार पुरतो. मुद्दाम चढउतार हवे असतील तर ते याच थरात द्यावेत, पण भोकाभोवतालचे दोन-तीन फूट जवळजवळ सपाट ठेवावेत, नाहीतर चेंडू तिथे थांबतच नाही.

नियमानुसार भोकाचा व्यास 108 मिलिमीटर आणि खोली किमान 101.6 मिलिमीटर असते. भोकात बसवायचा तयार कप न मिळाल्यास 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा घरच्या सरावाला चालतो, जरी तो आतून किंचित लहान भरतो. कप काँक्रीटमध्ये बसवून त्याची कड कचेच्या पातळीला ठेवावी आणि तळाशी पाणी जिरण्यासाठी गोटे घालावेत.

हिरवळ पटिंगसाठी बनवलेली, 10 ते 15 मिलिमीटर लवीची (म्हणजे पात्यांच्या उंचीची) घ्यावी. बागेसाठी विकली जाणारी 35-40 मिलिमीटरची हिरवळ दिसायला गुबगुबीत असते, पण तिच्यात चेंडू अडखळतो. रोल उघडून दोन तास उन्हात पसरावा, म्हणजे वळ्या निघतात. दोन पट्टे जोडायचे असल्यास दोन्हींच्या लवीचा कल एकाच दिशेला ठेवावा आणि जोड भोकावरून जाऊ देऊ नये. जोडपट्टीवर चिकटद्रव्य सकाळीच लावावे, कारण दुपारच्या उन्हात ते फार लवकर वाळते. कडा गॅल्व्हनाइज्ड खिळ्यांनी दर सहा इंचांवर पक्क्या कराव्यात. कपावरील हिरवळ मध्यापासून कडेकडे थोडी थोडी कापावी. एकदा जास्त कापले गेले की त्यावर उपाय नाही.

यानंतर कोरडी सिलिका वाळू, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात, पातळ थरांनी पसरून ताठ झाडूने लवीत उतरवावी. लवीच्या कलाच्या दिशेने चेंडू वेगाने आणि उलट दिशेने सावकाश धावतो, म्हणून गती दोन्ही बाजूंनी तपासावी.

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि कृत्रिम हिरवळ हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. दुपारी मुलांना तिथे अनवाणी जाऊ देऊ नये. सराव सकाळी किंवा सूर्य कलल्यावर करावा. खिडकीच्या काचेवरून परावर्तित होणारे ऊन एकाच ठिकाणी पडत असेल तर लव वितळू शकते, तेव्हा त्या काचेला बाहेरून जाळी किंवा पडदा लावावा. कडुनिंबाचा पाला पावसाआधी झाडून काढावा.

पहिला पावसाळा संपल्यावर पट्टी फिरवून पातळी पुन्हा तपासावी. जिथे पाया बसला असेल तिथे जवळच्या कडेचे खिळे काढून हिरवळ उलटावी, कच भरून ओली करून ठोकावी आणि तीच हिरवळ पुन्हा खिळ्यांनी बसवावी.