चिखलातून आलेली माउंटन बाइक धुताना या चुका टाळा

चिखलातून आलेल्या सायकलवर दोन वेगळे मळ असतात. फ्रेम, टायर, स्पोकवरचा चिखल पाण्याने भिजतो आणि सुटतो. चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) यांवरचा काळा थर मात्र जुन्या ल्यूबचा, म्हणजे चेनच्या तेलाचा, आणि बारीक वाळूचा लगदा असतो, तो पाण्याला दाद देत नाही. बहुतेक घोळ होतात ते दोन्हींवर एकच बाटली फवारल्यामुळे. फ्रेमला सौम्य साबण पुरतो, चेनला तेलकट मळ विरघळवणारा डीग्रीझर लागतो, आणि ब्रेकच्या डिस्कजवळ (चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीजवळ) तेलकट काहीही जाता कामा नये.

ब्रेकजवळ स्प्रे मारणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच. डिस्कला दाबून धरणारे ब्रेक पॅड सच्छिद्र असतात, तेलाचा बारीकसा फवाराही ते शोषून घेतात. मग ब्रेक किंचाळतो आणि लिव्हर पूर्ण दाबूनही उतारावर सायकल आवरत नाही. चेनवर मारलेलं एरोसोल ल्यूब मागच्या डिस्कवर उडतं, फ्रेम चमकवायचं सिलिकॉन पॉलिश उडतं, किंवा चेन घासलेला ब्रश तसाच डिस्कवर फिरतो. चेनचा ब्रश आणि बाकी सायकलचा ब्रश कायम वेगळे ठेवा.

धुतल्यावर ब्रेकचा आवाज आला म्हणून लगेच घाबरू नका. दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर आवाज थांबला, तर ते नुसतं पाणी होतं. डिस्क कोरडी झाल्यावरही किंचाळणं चालूच आहे आणि पकडही कमी वाटते, तर तेल लागलं आहे असं समजा. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कोऱ्या फडक्याने पुसा. पॅडचा वरचा थर सँडपेपरने हलका घासून बघता येतो, पण तेल आत मुरलं असेल तर पॅड बदलायलाच हवेत. इथे काटकसर करू नये. मोटारीच्या ब्रेक क्लीनरचा मोहही टाळा, त्यातली काही द्रावकं रंग, प्लॅस्टिक आणि रबरी सील खराब करतात.

जहाल म्हणजे चांगलं, हा समज

ओव्हन क्लीनर, कॉस्टिक सोडा असलेली द्रव्यं, इंजिन धुण्याची तीव्र रसायनं मळ झटक्यात काढतात, पण ॲल्युमिनियमही खातात. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर साधारण ४ ते ८.५ पीएचच्या (आम्ल-अल्कलीचं माप, ७ म्हणजे न्यूट्रल) दरम्यान टिकतो. त्याबाहेर तो विरघळू लागतो आणि हब (चाकाचा मधला भाग), रिम, क्रँकवर (पेडलच्या दांड्यांवर) पांढुरके डाग उमटतात. तिथलं आवरणच गेलेलं असल्यामुळे ते डाग कितीही पुसले तरी जात नाहीत. म्हणून लेबलवर पीएच न्यूट्रल लिहिलेलं द्रव्य घ्या.

टॉयलेट क्लीनर किंवा गंज काढणारं आम्ल चेनला कधीच लावू नका. चेन तुटून गंभीर इजा होऊ शकते, म्हणून आम्ल किंवा अल्कली असलेले क्लीनर वापरू नयेत, असा इशारा शिमानोसारखे उत्पादक आपल्या सूचनांमध्ये देतात.

पेट्रोल आणि थिनर पेट घेतात आणि रंग, स्टिकर, रबर बिघडवतात. रॉकेल वापरायचंच असेल तर चेन सायकलवरून काढून डब्यात धुवा आणि नंतर साबणाच्या पाण्यातून काढा, कारण रॉकेल मागे तेलकट थर ठेवतं.

भांड्यांचा साबण चालतो का? चालतो, पण भरपूर पाण्यात. कित्येक लिक्विडमध्ये घट्टपणासाठी मीठ घातलेलं असतं, त्यामुळे नंतर सायकल नीट खळबळून घ्या. त्यापेक्षा वॅक्स नसलेला कार शॅम्पू बरा.

डीग्रीझर आणि पाणी बेअरिंगमध्ये घुसवणं

चेनवरचं घाण ल्यूब आणि बेअरिंगमधलं कामाचं ग्रीस यांत डीग्रीझर फरक करत नाही, दोन्ही विरघळवतो. म्हणून तो ब्रशवर घ्या आणि पेडल उलटं फिरवत फक्त चेनला लावा. बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस फिरतो ती जागा), हब, सस्पेन्शनचे सांधे आणि फोर्कचे सील यांच्यापासून त्याला लांब ठेवा. प्रेशर वॉशरचा झोतही याच जागी नको. धुतल्यानंतर काही दिवसांत क्रँक फिरवताना खरखर लागली, तर आत पाणी गेल्याची शंका घ्या आणि बेअरिंग तपासून घ्या.

टायरला चकाकी आणणारा स्प्रे तर पूर्ण वर्ज्य. वळणावर पकड जाते.

ओली चेन तशीच ठेवणं

दुसऱ्या दिवशी चेनवर नारिंगी गंज दिसतो तो यामुळे. डब्ल्यूडी-४० चा साधा स्प्रे पाणी हटवतो, पण चेनचं ल्यूब म्हणून टिकत नाही, आणि तो डिस्कवरही उडतो. डीग्रीझर पाण्याने पूर्ण काढा, चेन फडक्याने पुसून वाळू द्या, मग प्रत्येक रोलरवर ल्यूबचा एकेक थेंब सोडा. थोड्या वेळाने बाहेरचं जास्तीचं ल्यूब पुसून काढा, नाहीतर पुढच्या राइडची वाळू तिथेच चिकटेल.